धडक देऊन पळालेल्या गाडीची भरपाई नाकारली, तेव्हा तालुका कायदा सेवा समितीकडून मिळालेली मदत

गेल्या श्रावणात माझे थोरले भाऊ पहाटे डेअरीत दूध घालून सायकलवरून परत येत असताना बेळगाव जिल्ह्यातून जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग ४८ च्या सर्व्हिस रोडवर एका चारचाकीने त्यांना मागून धडक दिली आणि ती न थांबता निघून गेली. गाडीचा नंबर कोणी पाहिला नाही. अशा वेळी मोटार वाहन कायद्याच्या कलम १६१ खाली भरपाई मिळते, एवढे आम्हाला ठाऊक होते, म्हणून आम्ही तहसीलदार कार्यालयात अर्ज केला. अडीच महिन्यांनी अर्ज नामंजूर झाल्याचे कन्नडमधील पत्र आले. त्यानंतर आम्ही गरजूंना मोफत वकील देणाऱ्या आमच्या तालुक्याच्या कायदा सेवा समितीकडे गेलो. त्या सेवेबद्दल सविस्तर लिहीत आहे, कारण सीमाभागातील पुष्कळ मराठी कुटुंबे नामंजुरीचे असे पत्र आले की अर्ज तिथेच सोडून देतात.

नामंजुरीचे कारण पत्रातील दोनच शब्दांत होते : ‘सादा गाय’. कन्नडमध्ये गाय म्हणजे जखम. कलम १६१ खालील भरपाई योजनेत मृत्यूसाठी २ लाख आणि गंभीर दुखापतीसाठी ५० हजार रुपये ठरलेले आहेत. साध्या दुखापतीला काहीच नाही. भावाच्या गुडघ्याखाली नडगीचे हाड तडकले होते, सात आठवडे त्यांना पाय टेकता आला नाही, तरी कागदावर ती जखम साधीच राहिली.

समितीत आम्हाला नेमून दिलेल्या वकीलबाईंनी घडलेली हकिगत ऐकण्याआधी कागद मागितले. ‘काका, बसा निवांत. आधी हॉस्पिटलचं सर्टिफिकेट बघूया,’ असे म्हणून त्यांनी वुंड सर्टिफिकेट, म्हणजे जखमेचा दाखला, टेबलावर सरळ केले आणि त्याच्या शेवटच्या रकान्यावर बोट ठेवले. पहाटे पावणेसहाला, एक्स-रे काढण्यापूर्वी, ड्युटीवरील डॉक्टरांनी खरचटणे व सूज एवढेच नोंदवून दुखापत साधी असे लिहिले होते. फ्रॅक्चर दिसले ते तिसऱ्या दिवशीच्या सीटी स्कॅनमध्ये, आणि तो रिपोर्ट पोलीस ठाण्यापर्यंत गेलाच नव्हता. तहसीलदारांसमोरच्या फाइलमध्ये फक्त पहिला कागद होता. आम्ही तीन महिने ते सर्टिफिकेट प्लास्टिकच्या पिशवीत घालून फिरत होतो, पण तो रकाना आमच्यापैकी कोणीही वाचलेला नव्हता.

पुढचे काम त्यांनी ज्या क्रमाने केले, तो क्रम मला या सेवेचा सर्वांत मोलाचा भाग वाटतो. भारतीय न्याय संहितेच्या कलम ११६ प्रमाणे हाड मोडणे किंवा तडकणे ही गंभीर दुखापतच ठरते, आणि पंधरा दिवस तीव्र वेदना राहिल्या किंवा माणसाला नेहमीची कामे करता आली नाहीत तरीही ती गंभीरच. तेव्हा वाद घालण्यासारखे काही नव्हते, फक्त तो पुरावा योग्य हातातून फाइलमध्ये जायला हवा होता. रुग्णालय सुधारित दाखला थेट आम्हाला देईना, पोलिसांचे पत्र हवे असे तिथे सांगण्यात आले. म्हणून वकीलबाईंनी तपास अधिकाऱ्यांना अर्ज लिहिला, त्याला सीटी स्कॅनचा रिपोर्ट आणि डिस्चार्ज कार्ड जोडले, आणि पोलिसांच्या पत्रावरून वैद्यकीय अधिकाऱ्यांचा अंतिम अभिप्राय मिळवला. त्यात ‘गंभीर’ हा शब्द आला.

दुसरी उणीव आमच्या लक्षातही आली नसती. गाडीचा शोध लागला नाही, असे पोलिसांचे लेखी पत्र फाइलला नव्हते. सर्वोच्च न्यायालयाने १२ जानेवारी २०२४ च्या निकालात सांगितले आहे की गुन्हा नोंदवल्यापासून महिन्याभरात गाडीचा तपशील मिळाला नाही, तर पोलिसांनी जखमी व्यक्तीला किंवा मृताच्या वारसांना या योजनेतून भरपाई मागता येते हे लेखी कळवावे. वकीलबाईंनी अर्जात त्या निकालाचा उल्लेख केला आणि आठवड्याभरात पत्र मिळाले. मग दोन्ही कागदांसह जिल्हाधिकाऱ्यांकडे निवेदन गेले. चौकशी तहसीलदार करतात, पण मंजुरीचा अधिकार दावा निवारण आयुक्त म्हणून जिल्हाधिकाऱ्यांचा असतो. प्रकरण फेरचौकशीसाठी खाली आले, भावाचा जबाब पुन्हा घेतला गेला आणि नामंजुरीच्या पत्रापासून साडेचार महिन्यांनी ५० हजार रुपये जनरल इन्शुरन्स कौन्सिल या विमा कंपन्यांच्या संस्थेकडून थेट त्यांच्या बँक खात्यात जमा झाले.

या सर्व कामासाठी आम्ही वकिलाला एक रुपयाही दिला नाही. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींचे लोक, अपंग व्यक्ती आणि उत्पन्नाच्या मर्यादेत बसणारे यांना ही मदत १९८७ च्या कायदा सेवा प्राधिकरण कायद्याने मोफत आहे. भावाला नाडकचेरीतून (महसूल खात्याच्या स्थानिक कार्यालयातून) उत्पन्नाचा दाखला तेवढा आणावा लागला. त्याआधी भेटलेल्या एका एजंटाने मिळणाऱ्या रकमेतील दहा हजार मागितले होते, आणि खरे सांगायचे तर आम्ही द्यायला तयारही झालो होतो.

उणिवाही लिहिल्या पाहिजेत. वकील आठवड्यातून दोनच दिवस बसतात. लंगडत आलेल्या भावाला पहिल्या खेपेस तसेच परतावे लागले, कारण वार लिहिलेला फलक आतल्या भिंतीवर आहे आणि तोही कन्नड व इंग्रजीत. अर्जाचे नमुने मराठीत नाहीत. समितीच्या एका स्वयंसेवक मुलीने प्रत्येक कन्नड कागद भावाला मराठीत वाचून दाखवला आणि मगच सही घेतली, पण हे तिच्या चांगुलपणावर अवलंबून राहू नये. जिथे दारात येणारे कितीतरी लोक घरी मराठी बोलतात, तिथे एक मराठी फलक आणि एक छापील मराठी नमुना ही मोठी मागणी नव्हे. रकमेचे म्हणाल, तर २०२२ पूर्वी गंभीर दुखापतीला साडेबारा हजारच मिळत, हे खरे. पण भावाच्या उपचारांचा खर्च लाखाच्या वर गेला आहे. ही रक्कम दरवर्षी वाढवता येईल का याचा विचार करावा, असे २०२४ च्या त्याच निकालात सर्वोच्च न्यायालयाने केंद्र सरकारला सांगितले आहे.

समितीकडे जाताना सीटी स्कॅनची फिल्म, डिस्चार्ज कार्ड, एफआयआरची प्रत, पासबुक आणि नामंजुरीचे पत्र पाकिटासह न्यावे. पत्र कधी मिळाले हे पाकिटावरच्या शिक्क्यावरून कळते, आणि आमच्याकडे पहिली विचारणा त्याचीच झाली. पैसे मिळण्याआधी भावाने एका हमीपत्रावर सही केली आहे : पुढे गाडी सापडली आणि मोटार अपघात दावा न्यायाधिकरणातून भरपाई मिळाली, तर हे ५० हजार त्यातून परत करायचे. वकीलबाईंनी त्या हमीपत्राची एक प्रत आमच्याकडे दिली आणि मागे तपास अधिकाऱ्यांचा नंबर लिहून दर महिन्याला एकदा फोन करायला सांगितले. भाऊ दर पहिल्या सोमवारी तो फोन करतात.