तीन-चार म्युझिक प्लेअर आणि एक टेबल: डॉक घ्यावा, हब घ्यावा की चार्जर?

समजा, टेबलावर एक आयपॉड क्लासिक आहे, एक डब्ल्यूएम-पोर्टवाला (सोनीच्या स्वतःच्या जोडाचा) वॉकमन आहे आणि एक टाइप-सीचा नवा प्लेअर आहे. तिघांच्या केबली वेगळ्या, भूक वेगळी. बाजारात मात्र तीन निरनिराळ्या वस्तू ‘डॉक’ याच नावाने खपवल्या जातात. पहिली, एकाच जातीच्या प्लेअरसाठी बनवलेला डॉक. दुसरी, स्वतःचा अ‍ॅडॉप्टर असलेला यूएसबी हब, म्हणजे संगणकाच्या एका पोर्टाचे अनेक पोर्ट करणारी पेटी. तिसरी, अनेक पोर्टांचा चार्जर, ज्याच्या पुढे प्लेअर उभे करायला खाचा असतात. फोटोत तिन्ही सारख्याच देखण्या दिसतात, म्हणून खरेदीआधी एक गोष्ट पक्की करा: प्लेअर टेबलावर असताना नुसता चार्ज व्हायला हवा, त्यात गाणी भरायची आहेत, की तिथूनच अ‍ॅम्पला (आवाज वाढवणाऱ्या अ‍ॅम्प्लिफायरला) आवाज द्यायचा आहे?

डॉक: आवाजासाठी घ्यायचा

आयपॉडचा ३० पिनांचा जोड २००३ मध्ये आला आणि २०१२ मध्ये लाइटनिंग या छोट्या जोडाने त्याची जागा घेतली. क्लासिक शेवटपर्यंत ३० पिनांवरच राहिला. सातव्या पिढीचा आयपॉड नॅनो आणि पाचव्या पिढीपासूनचा आयपॉड टच लाइटनिंगचे. ३० पिनांच्या जोडात लाइन-आउटच्या, म्हणजे थेट बाहेरच्या अ‍ॅम्पला आवाज देणाऱ्या, पिना स्वतंत्र आहेत. हेडफोनचा अ‍ॅम्प वाटेत येत नाही, पातळी ठरलेली असते, आणि प्लेअरचा व्हॉल्यूम फिरवला तरी काही बदलत नाही. आवाज अ‍ॅम्पवरूनच कमी-जास्त करायचा. चांगल्या अ‍ॅम्पला क्लासिक जोडायचा असेल तर ३० पिनांच्या डॉकवर पैसे घालण्याचं हे सबळ कारण आहे. लाइटनिंगमध्ये अ‍ॅनालॉग आवाजाच्या पिनाच नाहीत, त्यामुळे तिथे डॉकच्या पोटातच डॅक (डिजिटल आवाजाचा अ‍ॅनालॉग करणारं सर्किट) असावा लागतो. तो नसेल तर डॉक म्हणजे केबल उभी धरणारा ठोकळा.

जुन्या डॉकमध्ये एक हमखास फसगत होते. सुरुवातीच्या आयपॉडना फायरवायरच्या (संगणकाला जोडायच्या जुन्या पद्धतीच्या) पिनांवरून १२ व्होल्ट मिळत, आणि तेव्हाचे बरेच स्पीकर-डॉक तेवढंच देतात. २००८ मध्ये आलेल्या चौथ्या पिढीच्या नॅनोने आणि दुसऱ्या पिढीच्या टचने या पिनांवरून चार्ज होणं बंद केलं. असा प्लेअर जुन्या डॉकवर ठेवला तर गाणी व्यवस्थित वाजतात, पण ‘या अ‍ॅक्सेसरीवर चार्जिंग होत नाही’ अशा अर्थाचा संदेश येतो आणि बॅटरी उतरत जाते. डॉक बिघडलेला नसतो, त्याच्याकडे ५ व्होल्टची वाटच नसते.

आणखी दोन अपवाद लक्षात असू द्या. दुसऱ्या पिढीपासूनचा आयपॉड शफल ३.५ मिमीच्या हेडफोन जॅकमधूनच चार्ज होतो, त्याला त्याचीच केबल किंवा डॉक लागतो. सॅनडिस्कच्या सान्सा फ्यूजचा ३० पिनांचा जोड लांबून अ‍ॅपलसारखा वाटतो, पण तो वेगळा आहे. बसतोय म्हणून दाबू नका.

वॉकमनचा डब्ल्यूएम-पोर्ट २२ पिनांचा. ए५० मालिकेपर्यंत तोच होता, २०१९ च्या ए१०० मालिकेपासून टाइप-सी आला. डब्ल्यूएम-पोर्टच्या मूळ केबली आता सहज मिळत नाहीत, म्हणून असलेली एकुलती एक केबल डॉकच्या मागे वळवून कायमची अडकवू नये. वाकण्याच्या जागी ती आतून तुटते.

सगळ्याच उभ्या डॉकमध्ये कव्हर आडवं येतं. दोन-तीन मिलिमीटर जाडीचं चामड्याचं कव्हर असलं की पिन पूर्ण आत जात नाही. चार्जिंगचं चिन्ह दिसतं, पण धक्का लागला की जोड सुटतो. शिवाय १४० ग्रॅमचा प्लेअर केवळ पिनेवर उभा असेल तर पुढे ओढून काढताना तो तरफेसारखा जोर लावतो आणि पोर्ट सैल होतो. पाठीला टेकू असलेला डॉक निवडा. प्लेअर काढताना एका हाताने डॉक दाबून धरा आणि दुसऱ्या हाताने सरळ वर उचला.

हब: खरी निवड इथे आहे

गाणी भरायची असतील आणि प्लेअर दोनपेक्षा जास्त असतील, तर स्वतःच्या अ‍ॅडॉप्टरवर चालणारा हब आणि साधा लाकडी किंवा अ‍ॅक्रिलिकचा स्टँड ही जोडी डॉकपेक्षा कितीतरी उपयोगाची. पोर्ट खराब झाला तर केबल बदलायची, प्लेअर बदलला तरी केबलच बदलायची.

अ‍ॅडॉप्टर नसलेला हब मात्र इथे चालत नाही. यूएसबी २.० च्या पोर्टमधून संगणक ५०० मिलिअँपिअर देतो. त्यातले १०० हब स्वतःसाठी धरतो आणि चार पोर्टांच्या वाट्याला प्रत्येकी १०० उरतात. हार्ड डिस्कवाल्या क्लासिकची डिस्क फिरायला लागली की तेवढ्यात भागत नाही. व्होल्टेज खाली येतं, गाणी भरता भरता प्लेअर सुटतो आणि ‘डिस्क नीट इजेक्ट केली नाही’ असा इशारा येतो. असं चार-पाच वेळा झालं की गाण्यांची यादीच बिघडते, मग रिस्टोअर करण्यावाचून, म्हणजे सगळं पुसून नव्याने भरण्यावाचून, गत्यंतर नाही.

अ‍ॅडॉप्टरवाला हब घेताना पोर्टांची संख्या नंतर पाहा, आधी अ‍ॅडॉप्टरवरचे आकडे वाचा. सात पोर्ट आणि प्रत्येकी अर्धा अँपिअर म्हणजे ५ व्होल्टवर साडेतीन अँपिअर, १७.५ वॅट. सोबत ५ व्होल्ट २ अँपिअरचा अ‍ॅडॉप्टर आला असेल तर सातपैकी चार पोर्टांनाही तो जेमतेम पुरतो. यूएसबी ३.० मध्ये दर पोर्टला ९०० मिलिअँपिअर धरा. सात पोर्टांचे ३१.५ वॅट होतात, तिथे १२ व्होल्ट ३ अँपिअरचा अ‍ॅडॉप्टर शोभतो.

वेगासाठी मात्र ३.० च्या मागे धावू नका. क्लासिक आणि डब्ल्यूएम-पोर्टचे वॉकमन यूएसबी २.० चेच आहेत. कागदावर ४८० मेगाबिट असले तरी हातात सेकंदाला ३०-४० मेगाबाइट पडतात, आणि प्लेअरची मेमरी मंद असेल तर त्याहून कमी. २० मेगाबाइटच्या वेगाने ६४ जीबी भरायला जवळजवळ ५३ मिनिटं लागतात. मायक्रोएसडी कार्ड असलेल्या प्लेअरमध्ये मोठा साठा भरायचा असेल तर कार्ड काढून रीडरमध्ये घाला, काम फार लवकर उरकतं.

हबवर दर पोर्टला बटण असावं, यावर तडजोड नको. आयपॉड संगणकाला लागला की ‘जोडलेला आहे’ हा पडदा येतो आणि गाणी लावता येत नाहीत. इजेक्ट केल्यावर तो मेनूवर परततो आणि चार्ज होत होत वाजतो. पुन्हा गाणी भरायची झाली की केबल न उपसता बटण बंद-चालू केलं की पुरे. सतत उपसून झिजणारा पोर्ट त्यामुळे वाचतो.

स्वस्त हबांमध्ये एक घातक दोष आढळतो: अ‍ॅडॉप्टरचे ५ व्होल्ट उलटे संगणकाकडे जातात. तपासणी दोन मिनिटांची आहे. हबचा अ‍ॅडॉप्टर चालू ठेवा, संगणकाकडे जाणारी केबल काढा आणि तिचं टोक यूएसबी मीटरच्या (व्होल्टेज आणि करंट दाखवणाऱ्या छोट्या यंत्राच्या) बाहेर देणाऱ्या, म्हणजे मादी बाजूत घाला. मीटरचा पडदा उजळला आणि ५ च्या आसपास आकडा दिसला तर हब परत करा. पडदा काळा राहिला तर हब ठीक.

हब चांगला असूनही चार्जिंग रेंगाळत असेल तर केबलकडे पाहा. एडब्ल्यूजी हे तारेच्या जाडीचं माप, आकडा लहान तितकी तार जाड. २८ एडब्ल्यूजीच्या तारेचा रोध मीटरला साधारण ०.२१ ओहम. जाणारी आणि येणारी तार मिळून एका मीटरच्या केबलमध्ये ०.४३ ओहम होतात. एक अँपिअर खेचला की ०.४३ व्होल्ट वाटेतच जातात आणि प्लेअरपाशी साडेचारच्या आसपास पोहोचतात. २४ एडब्ल्यूजीच्या तारेत हीच घट ०.१७ व्होल्ट. केबलच्या अंगावर एडब्ल्यूजीचा आकडा बहुधा छापलेला असतो. टेबलावर अर्ध्या मीटरची केबल पुरते, उगाच दोन मीटरची गुंडाळून ठेवू नका.

अनेक पोर्टांचा चार्जर

गाणी वाय-फायवरून किंवा कार्डानेच भरत असाल तर हा सर्वात सुटसुटीत. डेटा नाही, त्यामुळे प्लेअर संगणकात अडकत नाही. ‘६५ वॅटने प्लेअरची बॅटरी जळेल’ ही भीती निराधार आहे. किती करंट घ्यायचा हे प्लेअरमधलं चार्जिंग सर्किट ठरवतं.

त्रास वेगळ्याच ठिकाणी होतो. अनेक चार्जरमध्ये नवी वस्तू लावताच सगळ्या पोर्टांचा पुरवठा क्षणभर तुटतो आणि वाटणी नव्याने होते. दर वेळी प्लेअरचा पडदा जागा होतो. दुसरं, टाइप-सी असलेला स्वस्त प्लेअर सी-टू-सी केबलवर मुळीच चार्ज होत नाही अशी तक्रार वारंवार ऐकू येते. टाइप-सीच्या चार्जरला समोर ५.१ किलो-ओहमचा रेझिस्टर दिसला तरच तो ५ व्होल्ट सोडतो, आणि काही प्लेअरमध्ये तो बसवलेलाच नसतो. उपाय सोपा आहे: ए-टू-सी केबल वापरा. म्हणून निदान दोन तरी जुन्या टाइप-ए पोर्टांचा चार्जर घ्या, आयपॉडच्या केबलीही तिथेच लागतील. अ‍ॅडॉप्टरवर आयएस १३२५२ (सुरक्षिततेचं भारतीय मानक) आणि ‘आर-’ ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक आहे का, हेही बघा.

घरघर आली तर

डॉकचं लाइन-आउट अ‍ॅम्पला, डॉकची वीज संगणकाकडून आणि संगणकही त्याच अ‍ॅम्पला जोडलेला, अशी मांडणी असेल तर ग्राउंड लूप (जमिनीच्या तारांचं बंद वर्तुळ) होऊन घरघर किंवा माउस हलवल्यावर किरकिर ऐकू येते. गाणं चालू असताना डॉकची चार्जिंग केबल उपसा. आवाज स्वच्छ झाला तर कारण हेच. डॉकला वेगळा दोन पिनांचा अ‍ॅडॉप्टर द्या. तरीही राहिलं तर लाइन-आउटवर ट्रान्सफॉर्मरवाला ३.५ मिमीचा आयसोलेटर लावा. अ‍ॅम्पच्या प्लगची अर्थिंगची पिन काढण्याचा सल्ला कुणी दिला तर अजिबात ऐकू नका, त्यात जिवाला धोका आहे.

मग घ्यायचं काय?

एकच क्लासिक आणि चांगला अ‍ॅम्प असेल तर लाइन-आउटचा ३० पिनांचा डॉक. तीन-चार मिश्र प्लेअर असतील आणि गाणी संगणकावरून भरत असाल तर अ‍ॅडॉप्टर आणि बटणांचा हब. सगळे टाइप-सी आणि कार्डावर चालणारे असतील तर चार्जर पुरे. हब आणि डॉक एकाच खोक्यात देणाऱ्या वस्तूंपासून दूर राहावं. त्यातला एक पोर्ट गेला की सगळं खोकं टाकावं लागतं.

३० पिनांचा डॉक बहुधा जुनाच मिळणार, मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर घ्या की पुण्याच्या तपकीर गल्लीत. जाताना प्लेअर, स्वतःची केबल, यूएसबी मीटर आणि इअरफोन सोबत न्या. प्लेअर ठेवून मीटरवर करंट दिसतो का पाहा. लाइन-आउटला अ‍ॅम्पशिवाय इअरफोन लावलात तरी डावी-उजवी बाजू कळते. मग प्लेअर हलकेच मागे-पुढे झुलवा. करंट शून्यावर जाऊन परत येत असेल तर पिना दमल्या आहेत. कोकणातून आलेल्या डॉकच्या पिनांवर हिरवट थर असेल तर ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ ब्रशने तो निघतो, पण पिन आत दबलेली असेल तर तो डॉक तिथेच ठेवून या.