कंपोझिशनमध्ये दहा महिने: एका स्टेशनरी दुकानदाराचा अनुभव

कागलला माझं स्टेशनरीचं दुकान आहे. 1 एप्रिल 2025 पासून जीएसटीच्या कंपोझिशनमध्ये आलो, म्हणजे छोट्या व्यापाऱ्याने विक्रीवर ठरावीक 1 टक्का कर भरायची सोपी योजना. आधी दर महिन्याची रिटर्नची 11 आणि 20 तारीख जवळ आली की बायको म्हणायची, "आले तुमचे डोकं फिरायचे दिवस." आता तीन महिन्यांतून एकदा कर भरायचा सीएमपी-08 फॉर्म, तोही पुढच्या 18 तारखेपर्यंत, आणि वर्षाचं एक रिटर्न, जीएसटीआर-4. नुसत्या यासाठी दहापैकी आठ देतो.

दोन कापले ते शिलकी मालापायी. योजनेत येताना 31 मार्चला दुकानात जो माल असतो, त्यावर घेतलेलं क्रेडिट (खरेदीवर दिलेल्या कराची वजावट) परत भरावं लागतं. अर्ज भरून देणाऱ्या सल्लागारांनी हे सांगितलं थेट मे महिन्यात, त्यासाठीच्या आयटीसी-03 फॉर्मची मुदत संपायला आठवडा उरला असताना! शटर अर्धं ओढून मी आणि पोरगा रात्री साडेबारापर्यंत पेनांची खोकी मोजत होतो. 34 हजार गेले. तसं नवीन मालावरही क्रेडिट मिळत नाहीच, पण ऐन शाळेच्या तोंडावर एवढे एकदम काढायचे म्हणजे जड जातं.

1 टक्का गिऱ्हाइकाकडून घ्यायचा नसतो, आपल्या खिशातून भरायचा. बिलावर वेगळा कर दाखवता येत नाही, दारात कंपोझिशनची पाटी लावावी लागते. गावातल्या एका क्लासवाल्यांनी पाटी वाचली आणि "आम्हाला क्रेडिट मिळणार नाही मग" म्हणून खरेदी बंद केली. निपाणी इथून हाकेच्या अंतरावर, पण कर्नाटकात; तिथली 60 फायलींची ऑर्डर सोडून दिली, कारण परराज्यात माल पाठवता येत नाही. तुमचं गिऱ्हाईक व्यापारी असेल तर या वाटेला जाऊ नका. माझं बहुतेक गिऱ्हाईक दप्तरवालं, त्याला बिलच नको असतं.

22 सप्टेंबरपासून वह्या, पेन्सिली, खोडरबर करमुक्त झाले. व्यापाऱ्याला 1 टक्का फक्त करपात्र विक्रीवर लागतो, म्हणून वह्यांची विक्री आता वेगळ्या वहीत लिहितो. पेनवर 18 टक्के आहेतच.

मेव्हण्याला वाटतं, 1 टक्का भरला की इन्कम टॅक्सही सुटला. तसं नाही हो! तो हिशेब निराळा. मी इन्कम टॅक्सच्या 44एडी कलमात आहे, म्हणजे विक्रीवरून ठोक नफा धरायची सोय: यूपीआयने आलेल्या विक्रीवर किमान 6 टक्के, रोखीवर 8 टक्के नफा धरायचा. अॅडव्हान्स टॅक्स 15 मार्चच्या आत एकरकमी. सध्या त्याचीच जुळवाजुळव चालू आहे.