बंपर न काढताच ‘बसवलेला’ टो हिच

चार महिने हे लिहायचं टाळत होतो. लाज वाटत होती. पण माझ्या गाडीला टो हिच, म्हणजे ट्रेलर ओढायचा मागचा जोड, बसवतो म्हणून ज्याने पैसे घेतले तो माणूस अजून कामं घेतोय, म्हणून लिहितोय.

माझी दोन सीटची स्पोर्ट्स कार आहे. डिकीत एक बॅग जेमतेम मावते. ट्रॅक डेला, म्हणजे रेस ट्रॅकवर स्वतःची गाडी पळवायच्या दिवशी, जायचं तर सेमी-स्लिक (ट्रॅकसाठीचे मऊ, कमी खाचांचे टायर) चढवलेली चार चाकं, जॅक, टॉर्क पाना आणि पेट्रोलचा कॅन एवढं सोबत लागतंच. तेच टायर लावून रस्त्याने जायचं तर ते ट्रॅकवर पोचायच्या आधीच झिजतात, आणि पावसात जीवावर बेततं. म्हणून छोटा ट्रेलर घ्यायचं ठरवलं. भरून 220 किलो, टो-बॉलवर, म्हणजे ट्रेलर ज्या गोळ्यावर अडकतो त्यावर, भार 50 किलो. यात वेडेपणा काहीच नाही. हलक्या गाड्यांना असे टायर ट्रेलर लोक वर्षानुवर्षं लावतात.

आणि मी डोळे मिटून पैसे दिले नाहीत, हेही सांगतो. त्या माणसाला कामातलं कळत होतं. बॉल मागच्या अ‍ॅक्सलच्या 0.8 मीटर मागे येईल, व्हीलबेस 2.3 मीटर, म्हणजे 50 किलोच्या भाराने पुढच्या चाकांवरचं जवळजवळ 17 किलो वजन कमी होईल, हे त्याने माझ्यासमोर कागदावर मांडून दाखवलं. डी-व्हॅल्यूचं, म्हणजे हिच किती ओढ झेलेल त्या आकड्याचं, सूत्र तोंडपाठ. जुना क्रॅश बीम (बंपरमागची धक्का झेलणारी आडवी पट्टी) काढून त्याजागी हिचचा बीम बसणार, तो दोन्ही चॅसिस रेलना, म्हणजे गाडीच्या सांगाड्याच्या उभ्या दांड्यांना, बोल्टने आवळला जाणार, सगळे बोल्ट 10.9 ग्रेडचे, म्हणजे जास्त ताकदीचे, असं त्याने स्वतःहून सांगितलं. इतकं नेमकं बोलणारा माणूस फसवेल असं कुणाला वाटेल?

60 टक्के आगाऊ. ‘माल आला’ म्हणून आणखी 25 टक्के. गाडी ताब्यात घेताना उरलेले 15. बिलात मजुरी 8 तासांची, त्यात ‘बंपर काढणे व बसवणे’ अशी वेगळी ओळ.

गाडी सकाळी दिली आणि तीन तासांत फोन आला, घेऊन जा. तिथेच थांबायला हवं होतं. मी गेलो, मागे उकिडवा बसलो, बॉल हाताने हलवून पाहिला. आणि बंपर जिथे मडगार्डला मिळतो त्या फटीत आदल्या ट्रॅक डेची लाल माती होती. दोन्ही बाजूंना, वाळून घट्ट झालेली, कुठेही तडा नाही. बंपर निघाला असता तर ती माती जागेवर राहिलीच नसती. मला ती दिसली. मी तिच्यावरून बोटही फिरवलं. ‘गाडी धुवायला हवी’ एवढंच मनात आलं आणि शेवटचे 15 टक्के देऊन टाकले. आजही झोपताना ती फट डोळ्यांसमोर येते.

त्याने केलं काय, तर बंपरवरचं चौकोनी झाकण काढून टो-आयच्या भोकात एक दांडा फिरवला आणि त्याला वेल्ड केलेल्या पट्टीवर बॉल लावला. बस्स. टो-आय बंद पडलेली गाडी ओढून काढायला असतो. सतत खाली दाबणारा भार आणि ट्रेलरचे आडवे हिसके झेलायला तो बनवलेलाच नाही. पट्टीवर मान्यतेची चकती मात्र होती, गोलात ई, शिवाय डी (ओढ) आणि एस (बॉलवरचा उभा भार) यांचे आकडे. तो नंबर दुसऱ्याच एका हॅचबॅकच्या हिचचा निघाला. तेव्हा चकती दिसली म्हणून हायसं वाटून घेऊ नका, नंबर कोणत्या मॉडेलचा आहे ते उत्पादकाला विचारा.

दुसऱ्याच फेरीला, ट्रॅकच्या फाटकाबाहेरच्या उतारावर, ताशी 30च्या वेगात दांडा आट्यांसकट बाहेर आला. सेफ्टी केबल त्याच पट्टीला अडकवलेली होती, त्यामुळे तीही सोबत गेली. ट्रेलर चरात पडला. दोन रिम वाकले. समोरून कुणी येत नव्हतं म्हणून आज मी फक्त पैशांबद्दल लिहितोय. केबल नेहमी गाडीच्या अंगालाच अडकवा.

वायरिंगची तीच गत. बायपास रिले (ट्रेलरच्या दिव्यांना बॅटरीतून वेगळी वीज देणारा डबा) लावायच्या ऐवजी टेल-लाइटच्या वायरी सोलून जोड दिलेला. ट्रेलर जोडला की उजवा इंडिकेटर बंद.

आता तक्रारींचं ऐका. पोलीस म्हणाले, वस्तू दिली आहे, बिल आहे, मग हा दिवाणी वाद. मी म्हटलं, न केलेल्या कामाचे पैसे घेतलेत, खोटी चकती लावली आहे. उत्तर आलं, चकतीचं वाहतूक खातं बघेल. वाहतूक खात्यात तीन खिडक्या फिरलो. पहिल्या खिडकीवर म्हणाले, आधी बदल नोंदवा. दुसरीवर म्हणाले, मान्यता नसलेला बदल नोंदवता येत नाही. तिसरीवर मलाच विचारलं, विनापरवाना ट्रेलर ओढलाच कसा! म्हणजे गुन्हेगार मी. ग्राहक तक्रार कक्षाने 11 कागद मागितले, सगळे दिले, तर बारावा म्हणून ‘बसवणाऱ्याचं संमतीपत्र’ मागितलं. ज्याने फसवलं त्याचीच संमती! विमा कंपनीने दोन ओळींत हात वर केले, बदल कळवलेला नव्हता. रिमचे पैसे नाहीत आणि टो-आयच्या भोकातले आटे गेलेल्या क्रॅश बीमचेही नाहीत. त्या बीमच्या दुरुस्तीचा अंदाज हिचच्या किमतीच्या 1.4 पट आहे. तक्रार करून 97 दिवस झाले, एकाही अधिकाऱ्याने गाडी वाकून पाहिलेली नाही.

काम देण्याआधी गाडीची व्हीआयएन प्लेट (गाडीचा ओळख क्रमांक आणि वजनं लिहिलेली पट्टी) वाचा. युरोपीय पद्धतीच्या प्लेटवर एकूण वजनाखाली ट्रेलरसह वजनाचा आकडा असतो. तो नसेल किंवा शून्य असेल, तर गाडीला ओढण्याची मान्यताच नाही. माझ्या प्लेटवर तो नव्हता. मी बसवणाऱ्याला विचारलं होतं, तो म्हणाला, ‘कंपनीने चाचणी घेतली नाही, एवढाच अर्थ.’ मी मानलं. बंपर काढलेला असताना स्वतः हजर राहा, बोल्टच्या डोक्यावरचा ग्रेड वाचा, मगच शेवटचा हप्ता द्या.

गाडी देताना त्याने मागून फोटो काढले होते. आता तेच फोटो नव्या गिऱ्हाइकांना नमुना म्हणून जातात, माझ्या ओळखीच्या दोघांना गेले आहेत. निळी गाडी, डाव्या दिव्याखाली बोटभर ओरखडा. तो फोटो कुणी दाखवला तर ती माझी गाडी आहे. मोठा करून बंपरची फट बघा, माती दिसेल.