लहान व्हॅन की मोठी मिनीबस? मोटरहोम घेण्याआधीचा काट्यावरचा हिशेब

साताऱ्याचे आमचे दाजी यंदा रिटायर झाले आणि त्यांच्या डोक्यात मोटरहोमने घर केलं. दोन गाड्या त्यांनी हेरून ठेवल्यात. एक आमच्यासारखीच ३,८०० किलो पासिंगची व्हॅन, दुसरी ७,००० किलो पासिंगची मिनीबस. पासिंग म्हणजे आरसीवर, गाडीच्या नोंदणी प्रमाणपत्रावर, लिहिलेलं भरलेल्या गाडीचं जास्तीत जास्त वजन. गेल्या रविवारी सांगलीला आले तेव्हा दोन्हींचे फोटो दाखवले. बेड किती लांब, ओटा कुठे, टॉयलेटचं दार कसं सरकतं, सगळं तोंडपाठ. मी एवढंच विचारलं, "दाजी, मोकळी गाडी वजनाला किती भरते?" त्यावर ते म्हणाले, "ते विचारलंच नाही."

मी तीन वर्षांपूर्वी गाडी घेतली तेव्हा मीही विचारलं नव्हतं. म्हणून त्यांना कागदावर जे मांडून दिलं, ते इथे लिहितोय. अशीच निवड करायची असेल तर कामाला येईल.

आपल्याकडे उसाच्या ट्रॉलीमुळे हा हिशेब पोरासोरांनाही ठाऊक आहे. भरगाडीचं वजन, त्यातून मोकळ्या गाडीचं वजन वजा, उरलं ते निव्वळ. कारखान्यावर निव्वळाचे पैसे मिळतात. मोटरहोमचं गणितही तेच, फक्त भरगाडीच्या जागी आरसीवरचं पासिंग धरायचं. पासिंगमधून फर्निचरसकट मोकळ्या गाडीचं वजन वजा केलं की जे उरतं, तेवढंच तुमचं. माणसं, पाणी, गॅस, भांडी, अंथरुणं, आईची औषधांची पेटी, सगळं त्यात बसवायचं. विकणारा बेड चार जणांचे सांगतो. चार जणांचं वजन पेलायला किती किलो शिल्लक आहेत, ते तो सांगत नाही.

आमच्या व्हॅनचं सांगतो. पहिल्या वर्षी पन्हाळ्याला निघालो होतो. गळीत हंगाम चालू होता. वाटेतल्या एका वजनकाट्यावर ट्रॉल्यांची रांग थोडी कमी दिसली, म्हणून सहज गाडी चढवली. काटेवाला सवयीप्रमाणे म्हणाला, "माणसं उतरवा." मी म्हटलं, नको, माणसांसकट करा, आम्ही माणसांसकटच जाणार आहोत. आई मागच्या सीटवर मांडीवर डबा घेऊन बसलेली. लाल आकडे थोडे वरखाली झाले आणि ३,९६० वर थांबले. पासिंग ३,८००. म्हणजे १६० किलो जास्त, आणि मला तर गाडी निम्मी रिकामी वाटत होती.

घरी येऊन सगळं उतरवलं आणि पुन्हा काटा केला. डिझेल फुल, पाण्याची टाकी कोरडी, माणूस कोणी नाही: ३,४२०. म्हणजे आमच्या वाट्याला ३८० किलो. त्यातले चार माणसांचे २५०, पाण्याचे १२० आणि भरलेल्या १४.२ किलोच्या घरगुती सिलिंडरचे, त्याच्या लोखंडासकट, जवळपास ३०. एवढ्यातच ४०० झाले. पन्हाळ्याला निघताना भरलेल्या ५४० पैकी उरलेले १४० किलो म्हणजे भांडी, गाद्या, कपडे, खुर्च्या, शिधा आणि मुलाच्या दोन सायकली.

कायदा इथे स्पष्ट आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ११३ प्रमाणे भरलेल्या गाडीचं वजन आरसीवरच्या पासिंगपेक्षा जास्त चालत नाही. आणि पुष्कळांना माहीत नसलेली गोष्ट म्हणजे मोकळ्या गाडीचं वजनही आरसीवरच्या मोकळ्या वजनापेक्षा जास्त असून चालत नाही. साधी प्रवासी व्हॅन घेऊन सुताराकडून आत घर बांधून घेतलं आणि आरसी तशीच ठेवली, तर ती गाडी आत कोणी नसतानाही नियमाबाहेर असते. कलम ५२ मुळे असा बदल परस्पर करताच येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १९४ मध्ये जादा वजनाला २०,००० रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला २,००० रुपये दंड लिहिलाय. शिवाय जादा वजन उतरवल्याशिवाय गाडी पुढे सोडत नाहीत. आनेवाडी टोलनाक्याच्या कडेला आईला उतरवून गाडी हलकी करायची, हे चित्र डोळ्यासमोर आणा.

आता दोन्ही गाड्या शेजारीशेजारी ठेवू.

शिल्लक वजनात मिनीबस सरळ जिंकते. दाजींनी हेरलेल्या बसचा काटा आम्ही नंतर करून घेतला. आतल्या सगळ्या कामासकट मोकळी ५,६४०. शिल्लक १,३६०. सहा माणसं, २०० लिटर पाणी, सिलिंडर, सगळं धरूनही पाचशेच्या वर किलो उरतात. व्हॅनमध्ये दोघं गेले तर २५० किलो उरतात, चौघं गेले तर १३० आणि सहा जण गेले तर काहीच नाही.

लायसन्सचा प्रश्न दाजींना सतावत होता, तो दोन्हींत सारखाच सुटतो. इंटरनेटवर मोटरहोमबद्दल वाचलं की ३,५०० किलोचा आकडा सतत दिसतो. तो युरोपातला आहे, तिथल्या साध्या कार लायसन्सची मर्यादा तेवढी. आपल्याकडे एलएमव्ही, म्हणजे हलकं मोटार वाहन, ७,५०० किलोपर्यंत. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये एलएमव्ही लायसन्सवर त्याच मर्यादेतली ट्रान्सपोर्ट (व्यावसायिक) गाडीही चालवता येते असा निकाल दिला. त्यामुळे सात टनांची बस दाजींच्या लायसन्सवर बसते. साडेसात टनांच्या वरची कोणी दाखवली तर मात्र बघायला जाण्याआधी लायसन्स बघा.

घाटात व्हॅन जिंकते. पसरणीतून पाचगणीला किंवा आंबेनळीतून पोलादपूरकडे एसटी रोज जाते, मला मान्य आहे. पण एसटीचा ड्रायव्हरही रोज जातो. वर्षातून चार वेळा स्टिअरिंग धरणाऱ्या बासष्ट वर्षांच्या माणसाने कुंभार्लीच्या वळणावर समोरून ट्रक आल्यावर सात टन मागे घ्यायचे, ही गोष्ट मला पटत नाही. यवतेश्वरहून कासच्या रस्त्याला, बामणोलीच्या उतारावर, वाईच्या जुन्या गल्ल्यांत व्हॅन निमूट जाते. बसने जाता तुम्हालाही येईल, पण जिवाला घोर लागेल.

वजन नुसतं किती हे बघून भागत नाही, ते कुठे ठेवलंय हेही बघावं लागतं. इथे मी जरा थांबणार, कारण आमची खरी चूक इथेच होती. आमच्या गाडीचं काम करणाऱ्याने पाण्याची टाकी अगदी मागे, डिकीच्या दारापाशी बसवली होती, नळी टाकायला सोपं म्हणून. मागच्या चाकांच्या आणखी मागे ठेवलेलं वजन तरफेसारखं काम करतं. टाकीचा मध्य मागच्या एक्सलच्या (चाकांच्या जोडीमधल्या आडव्या दांड्याच्या) १.२ मीटर मागे आणि दोन एक्सलमधलं अंतर ३.३५ मीटर. १२० किलो पाणी भरलं की मागच्या एक्सलवर १६३ किलो वाढायचे आणि पुढचा एक्सल ४३ किलोंनी हलका व्हायचा. पुढची चाकं हलकी झाली की स्टिअरिंग आणि ब्रेक दोन्ही पोकळ लागतात. घाट उतरताना मला ते जाणवायचं, पण मी टायरच्या हवेला दोष देत होतो.

हे काट्यावरच कळतं. आधी फक्त पुढची चाकं काट्यावर घ्या, वजन लिहा. मग पूर्ण गाडी, मग फक्त मागची चाकं. पुढच्या-मागच्यांची बेरीज एकूण वजनाशी दहावीस किलोंच्या फरकाने जुळली पाहिजे. आमचं निघालं पुढे १,४४० आणि मागे २,५२०. गाडीच्या प्लेटवर मर्यादा पुढे १,६०० आणि मागे २,३५०. पुढे १६० किलोंची जागा रिकामी आणि मागे १७० जास्त. एकूण १६० म्हणजे पासिंगच्या चार टक्के, पण मागच्या एक्सलवर ते सात टक्क्यांच्या वर गेले होते.

तेव्हा एका ओळखीच्या मेकॅनिकने प्रेमाने सल्ला दिला होता, कमानपाट्यात एक पान वाढव, बुड वर येईल. बुड वर येतं, पण पासिंग वाढत नाही. एक्सल, बेअरिंग, ब्रेक, टायर सगळं तेच राहतं, वर गाडी सरळ दिसायला लागल्यामुळे आपल्याला इशाराही मिळत नाही. टायरच्या कडेवरचा लोड इंडेक्स, म्हणजे टायर किती वजन पेलतो त्याचा आकडा, वाचा. १०९ म्हणजे एका टायरला १,०३० किलो, ११२ म्हणजे १,१२०. मागे दोनच टायर असतील तर त्याची दुप्पट करा आणि काटापावतीशेजारी ठेवून बघा.

लहान व्हॅन घ्यायची ठरली तर वजन कुठून काढायचं? आम्ही असं काढलं. पाणी १२० ऐवजी ४० लिटर, बाकीचं मुक्कामाच्या गावात, घाट चढून गेल्यावर भरायचं. ८० किलो गेले. एक लिटर म्हणजे एक किलो, यात सुटका नाही. सांडपाण्याची टाकी मात्र विसरू नका, आंघोळीचं पाणी गाडीतून जात नाही, एका टाकीतून दुसरीत जातं. सांडपाणी न सोडता वरून ताजं भरलं की दुप्पट पाणी घेऊन फिरता. दोन ट्यूब्युलर (लेड-अॅसिड) बॅटऱ्या मिळून ११० किलो होत्या, त्या जागी २०० अँपिअर-अवरची एक लिथियम आली, २५ किलोंची. पैसे बरेच गेले, पण ८५ किलो वाचले आणि लेड-अॅसिड निम्मीच वापरता येत असल्याने वीज कमी पडली नाही. मोठ्या सिलिंडरऐवजी ५ किलोचा, म्हणजे आणखी १७. सायकली घरी, ३२. मिळून २१४. गाडी ३,७४६ वर आली, टाकी दोन एक्सलच्या मध्ये घेतली आणि गेल्या पावसाळ्यात चांदोलीला जाऊन आलो तेव्हा गाडी पहिल्यांदा पुढून घट्ट बसलेली वाटली.

नवीन काम करून घेणार असाल तर सगळ्यात मोठं वजन प्लायवूडमध्ये लपलेलं असतं. आठ बाय चारची १९ एमएमची एक शीट ३५ किलोंच्या आसपास, १२ एमएमची २२. दहा शीटमागे १३० किलोंचा फरक, म्हणजे दोन माणसं. वर दोन्ही बाजूंनी सनमायका लावला की प्रत्येक शीटला आठेक किलो आणखी. घरच्या किचनच्या मापाने सुतार १९ एमएमच धरतो, कारण त्याला घर टिकवायचं असतं. त्याला आधीच सांगा, वरच्या कपाटांना दारं नको, कापडी पडदे चालतील. बसमध्ये हे गणित तेवढं कडक नाही, पण तिथे दुसरीच अडचण आहे. जागा मोकळी दिसली की ती भरते. वॉशिंग मशीन, मोठा फ्रिज, जनरेटर. हजार किलोंची शिल्लक दोन दिवाळ्यांत संपवलेली माणसं मी बघितलीत.

कारच्या मागे ओढायचा कॅराव्हॅन हा तिसरा पर्याय दाजींच्या मुलाने काढला. त्यालाही स्वतःचं पासिंग असतं, ओढणाऱ्या गाडीची ओढक्षमता वेगळी बघावी लागते आणि घाटात रिव्हर्स घेणं हे वेगळं कौशल्य आहे. त्यांच्यासाठी मी तो बाजूला ठेवला.

माझं मत विचाराल तर दाजी आणि ताई दोघंच फिरणार असतील, कधीमधी एखादा नातू, तर व्हॅन. शिल्लक कमी, पण दोघांना पुरते, आणि गाडी कुठेही शिरते. मुलगा, सून आणि दोन नातवंडं दर सुट्टीत येणार असतील तर बस घ्यावी, वर्षभराने व्हॅन विकून बस घेण्यापेक्षा ते स्वस्त. "आत्ता दोघं, पुढचं पुढे" असं म्हणून व्हॅन घ्यायची आणि उन्हाळ्यात सहा जणांनी बसायचं, हे मात्र करू नका.

कुठलीही ठरली तरी उरलेले पैसे देण्याआधी गाडी काट्यावर न्या. हंगाम नसेल तर मार्केट यार्डाजवळ, कुपवाड एमआयडीसीत खासगी काटे असतात. मोकळीचे तीन काटे, पुढची चाकं, पूर्ण, मागची. आरसीवरच्या मोकळ्या वजनाशी पावती जुळत नसेल तर व्यवहार तिथेच थांबवा आणि आरसी दुरुस्त करून मागा. दाजींनी व्हॅनच्या मालकाला फोन केलाय, येत्या शनिवारी आम्ही दोघं ती काट्यावर चढवणार आहोत. डिझेल फुल आणि टाकी कोरडी ठेवायला सांगितलंय.