घरच्या फायलींसाठी जुना डेस्कटॉप की जुना लॅपटॉप?

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ जुन्या प्रोसेसरला दारातही उभं करत नाही. त्यामुळे आपल्याकडे बऱ्याच घरांत सध्या दोन वस्तू पडून आहेत: चादरीखाली झाकलेला डेस्कटॉप आणि पोराने कॉलेजात घासून काढलेला लॅपटॉप. भंगारवाल्याचा भाव ऐकला की दोन्ही पुन्हा माळ्यावर जातात. त्यापेक्षा सगळ्यांच्या मोबाइलमधले फोटो, लग्नाचे व्हिडिओ, सातबारा आणि बँकेचे स्कॅन एका जागी ठेवणारा डबा म्हणून यातलं एक यंत्र सहज कामाला लागतं. प्रश्न एवढाच की कोणतं. मी दोन्ही चालवून पाहिली आहेत. यंत्र अमळनेरच्या घरी आईकडे असतं, मी नोकरीला जळगावला. रेल्वेने तासाभराचं अंतर आहे, पण पुढचं सगळं त्या तासावरच अडतं.

सॉफ्टवेअरवर वेळ घालवत नाही, दोन्हींवर तेच चालतं. विंडोजच्या जागी डेबियन ही फुकट मिळणारी लिनक्स सिस्टिम, त्यावर फायली घरातल्या सगळ्यांना दिसाव्यात म्हणून ओपनमीडियाव्हॉल्ट किंवा नुसतं सांबा, आणि मोबाइलचे फोटो आपोआप यायला सिंकथिंग. २ जीबी रॅममध्ये हे निवांत चालतं, कारण पडद्यावर खिडक्या-चित्रं काही दाखवायचीच नसतात. प्रोसेसर ६४ बिटचा आहे ना, तेवढं आधी पाहा. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ पासून ३२ बिटच्या पीसीसाठी इन्स्टॉलर मिळत नाही.

आधी डेस्कटॉपच्या बाजूने बोलतो, कारण कागदावर तोच जिंकतो. दोन-तीन मोठ्या डिस्क आत मावतात. लॅनची, म्हणजे तारेने राउटरला जोडायची सोय बहुधा गिगाबिटची असते. बऱ्याच जुन्या लॅपटॉपांत १०० मेगाबिटचीच असते, म्हणजे सेकंदाला ११-१२ एमबीच्या वर फाइल सरकत नाही. आणि डेस्कटॉप साफ करणं सोपं. ज्यांच्या घरात भावाची वाट बघत कापूस भरून ठेवलेला असतो त्यांना हा मुद्दा वेगळा सांगायला नको. ते तंतू पंख्यात असे गुंडाळले जातात की यंत्र तापून बंद पडतं. डेस्कटॉपची बाजू उघडून ब्रश फिरवला की झालं. लॅपटॉपच्या पंख्यापर्यंत पोहोचायला बहुतेक मॉडेलांत अर्धं यंत्र खोलावं लागतं.

विजेचं मी मीटर लावून मोजलेलं नाही. पण इंटेलच्या कोअर टू ड्युओ या जुन्या प्रोसेसरच्या जमान्यातला डेस्कटॉप नुसता बसून ७० वॉटच्या आसपास खातो असं धरलं, तर महिन्याला ५० युनिट होतात. लॅपटॉप पडदा बंद करून १५ वॉटवर राहिला तर ११. दोन माणसांच्या घरात हाच फरक बिलाला १०० युनिटांच्या स्लॅबबाहेर ढकलतो. बिल आईच भरते, त्यामुळे तिचं मत इथेच ठरलं होतं.

माझं ठरलं ते लाईटमुळे. लाईट जाते म्हणून नव्हे, ती ये-जा करते म्हणून. वळवाचं वारं सुटलं की ती एका संध्याकाळी कितीदा तरी जाते आणि येते. डेस्कटॉपची पहिली कटकट सेलची होती: मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल संपलेला, त्यामुळे प्रत्येक वेळी लाईट आली की यंत्र तारीख विसरून काळ्या पडद्यावर ‘एफ-१ दाबा’ म्हणत थांबायचं. समोर ना मॉनिटर, ना कीबोर्ड. दाबणार कोण? सेल बदलला, बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये, ‘वीज आली की आपोआप चालू’ हे केलं, वाटलं सुटलो. मग दुसरी कटकट सुरू झाली. आपोआप चालू होतं म्हणून ते दर झटक्याला उठायचं आणि उठता उठता पुन्हा आपटायचं. लिनक्सची फाइल सिस्टिम असे धक्के पुष्कळ सोसते, पण एखाद्या वेळी डिस्कची तपासणी अडते आणि यंत्र पासवर्ड मागत बसून राहतं. आईचा फोन यायचा, “लाईट उनी, पन तुना डबा काही उठना नही.” पुढचा रविवार माझा मॉनिटर जोडण्यात जायचा.

लाईट गेली तरी यंत्र काही वेळ चालू ठेवणारा बॅटरीचा डबा, म्हणजे यूपीएस लावा, असं कुणीही म्हणेल. लावला. त्यातली शिशाची बॅटरी उन्हाने हळूहळू मरते. तापमान दर १० अंशांनी वाढलं की तिचं आयुष्य साधारण निम्मं होतं असं मानतात. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४४-४५ ला टेकतो, पत्र्याच्या खोलीत त्याहून वर. घरचा इन्व्हर्टर यूपीएस मोडवर, म्हणजे यंत्र बंद न पडता झटकन बॅटरीवर जाणारा असेल आणि डेस्कटॉप त्याच लाइनवर असेल, तर माझी ही तक्रार तुम्हाला लागू नाही. मात्र तेवढी बॅटरी तुम्ही रात्रीच्या पंख्यातून कापताय, हे घरात आधी सांगून ठेवा.

लॅपटॉपला हा त्रास नाही, कारण त्याचा यूपीएस त्याच्या पोटातच असतो. थकलेली बॅटरी तासभर टिकली नाही तरी झटक्यांची संध्याकाळ निभावून नेते. लाईट गेल्यावर राउटरही बंद पडतो, त्यामुळे तेवढा वेळ फोटो दिसत नाहीत. पण यंत्र आपटत नाही, आणि लाईट आली की सगळं जिथल्या तिथे असतं. लांबच लाईट गेली आणि बॅटरी पूर्ण संपली, तर बहुतेक लॅपटॉप आपणहून उठत नाहीत. बटण दाबावं लागतं. ते आई दाबते.

त्याच्याही खोडी आहेत. झाकण लावलं की तो झोपतो, ते सेटिंगमध्ये बंद करावं लागतं. आत डिस्क एकच. डीव्हीडी ड्राइव्ह काढून त्या जागी कॅडीत, म्हणजे डिस्क बसवायच्या चौकटीत, दुसरी बसते, तीही छोटीच. खरी भीती बॅटरी फुगण्याची. सतत चार्जिंगला आणि वर हा उन्हाळा! टचपॅड वर उचलला गेलेला दिसला किंवा तळ डुगडुगला, तर त्याच दिवशी बॅटरी काढा. काही मॉडेलांत चार्जिंग ८० टक्क्यांवर अडवता येतं, ते जरूर करा. बॅटरीच गेली की लॅपटॉपचं निम्मं कौतुक संपतं, हेही कबूल.

तुम्ही यंत्राजवळच राहत असाल, व्हिडिओ टेराबाइटांनी असतील, किंवा घरातल्या पोराला टायपिंगच्या परीक्षेचा सराव करायला मोठा कीबोर्ड हवा असेल, तर डेस्कटॉप घ्या, मी अडवणार नाही. आमचा आता भाच्याकडे त्याच कामाला आहे आणि तिथे त्याची काही तक्रार नाही. पण यंत्र गावी आणि तुम्ही नाशिकला, पुण्याला, असं असेल तर मी लॅपटॉपकडेच बोट दाखवीन. दोन्हींपैकी काहीही घ्या, आतली जुनी डिस्क तपासून मगच फोटो टाका, आणि त्यांची दुसरी प्रत एखाद्या बाहेरच्या डिस्कवर, शक्यतो दुसऱ्या घरी ठेवा.