सोमलता: श्रावणातली की कार्तिकातली?

सोमलतेचा कच्चा माल घेताना भाव विचारतात, तोडणीचा महिना कुणी विचारत नाही. खरं तर पहिला प्रश्न तोच हवा.

इथे बोलतोय ते लाहौल-स्पितीसारख्या कोरड्या हिमालयात वाढणाऱ्या एफेड्रा जिरार्डियाना या झुडपाबद्दल. (आपल्याकडे सोम म्हणून दाखवतात ती दुधाळ वेल वेगळी. वेदांमधला सोम नेमका कोणता, त्या वादात मी पडत नाही.) याच्या हिरव्या काड्यांत एफेड्रिन हे उत्तेजक औषधी द्रव्य असतं. नागाई नागायोशी या जपानी रसायनशास्त्रज्ञाने 1885 मध्ये ते चिनी माहुआंगमधून, म्हणजे याच कुळातल्या झुडपातून, वेगळं केलं.

आता दोन्ही माल शेजारी ठेवू. मेपासून काड्यांतली अल्कलॉइडं (म्हणजे एफेड्रिनसारखी द्रव्यं) घटत जातात आणि ऑगस्टमध्ये तळ गाठतात. त्यानंतर ती चढतात आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरात सर्वाधिक भरतात. थंडी वाढली की पुन्हा उतार. पाऊसही त्यांना मारक, म्हणून कोरड्या उतारावरचं झुडूप सरस. श्रावणातली काडी हिरवीगार, टवटवीत दिसते, आणि गिऱ्हाईक तिथेच फसतं.

शास्त्राधार बघायचा तर गंमत आहे. चरकसंहितेच्या कल्पस्थान या भागात कोवळ्या फांद्या-पानं वर्षा आणि वसंतात घ्यायला सांगितली आहेत. नंतरचा आयुर्वेद-ग्रंथकार शार्ङ्गधर एकंदर औषधांसाठी शरद ऋतू सांगतो. या झुडपापुरता मी शार्ङ्गधराच्या बाजूने.

महिन्याइतकंच महत्त्व भागाला. एफेड्रिन मुख्यतः दोन पेरांमधल्या कांडीत असतं. पेरांत कमी आणि मुळांत जवळपास नाहीच. चिनी वैद्यकात तर काडी घाम आणायला आणि मूळ घाम थांबवायला देतात! म्हणून मूठभर माल पसरून बघा: जाड, लाकडी बुडखे आणि मुळांचे तुकडे जास्त असतील, तर कार्तिकातला असूनही तो नको.

शिकण्यासाठी किंवा ऋतुबदल मोजण्यासाठी हवा असेल तर मात्र दोन्ही घ्या, एकाच डोंगरावरचे. नाहीतर फरक ऋतूचा की जागेचा, हे कळणार नाही. औषधासाठी शरदातलाच, पण तो वैद्याच्या हातात. जोरदार माल म्हणजे रक्तदाब आणि हृदयाच्या ठोक्यांवरही तेवढाच जोर. अमेरिकेने 2004 मध्ये एफेड्रावाल्या पूरक गोळ्यांवर बंदी घातली ती याच धोक्यामुळे. स्पर्धेत उतरणाऱ्या खेळाडूने दोन्हींपासून लांब राहावं, उत्तेजक चाचणीत एफेड्रिन मोजतात.