रायफल पुरे, की कमरेला पिस्तूलही हवं?

कोल्हापुरात पिस्तूल म्हटलं की नेमबाज राही सरनोबत आठवते. पण २५ मीटर स्पर्धेतलं .२२चं पिस्तूल वेगळं आणि जवानाच्या कमरेचं ९ मिलिमीटरचं वेगळं. स्पर्धेत ट्रिगरचा ताण किमान एक किलो असावा लागतो. ग्लॉकसारख्या लष्करी पिस्तुलात तो अडीच किलोच्या आसपास असतो, कारण धावपळीत बोट लागून गोळी सुटता कामा नये.

आधी वजन पाहू. भरलेलं ग्लॉक १७ साधारण ९०० ग्रॅम, दोन जादा भरलेली मॅगझिन मिळून साडेपाचशे, होल्स्टर दोनशे. म्हणजे दीड किलोच्या वर. तेवढ्याच वजनात एके-२०३ रायफलची भरलेली दोन मॅगझिन, म्हणजे ६० राउंड जास्त नेता येतात. शिवाय रायफलच्या गोळीची ताकद पिस्तुलाच्या साधारण चौपट, आणि पिस्तुलाचा भरवसा २५ मीटरपर्यंतच. साध्या रायफलधारी जवानाला आम्ही पिस्तुलापेक्षा हे ६० राउंड देऊ.

रायफल अडकली तर? समोरचा दहा मीटरच्या आत असेल तर पिस्तूल काढणं खरंच सगळ्यात जलद. त्याहून लांब असेल तर आडोसा घ्यायचा, जोडीदार कव्हर देतो, तोवर हत्यार मोकळं करायचं. उसाच्या फडासारख्या, दोन सऱ्यांपलीकडे न दिसणाऱ्या जागीही दस्ता दुमडलेली एके-२०३ वळवता येते.

हात दुसऱ्या कामात गुंतल्याने ज्याला रायफल धरताच येत नाही त्याची गोष्ट वेगळी. मशीनगनवाला, रॉकेट लाँचर चालवणारा, श्वानपथकाचा हँडलर, खोलीत ढाल घेऊन पहिला शिरणारा. यांना पिस्तूल हवंच. ड्रायव्हरला मात्र आम्ही अस्मी हे मशीन पिस्तूल सुचवू. पुण्याच्या एआरडीई या डीआरडीओच्या प्रयोगशाळेने आणि महूच्या इन्फंट्री स्कूलने ते केलं, २०२१मध्ये समोर आलं. वजन दोन किलोच्या आत, ३३ राउंड, मारा १०० मीटर. गाडीत ठेवायला जागा असते, त्यामुळे वजन नडत नाही.

आता कुठलं पिस्तूल? आपल्याकडचं ईशापूरच्या कारखान्यातलं ९ मिलिमीटर १ए म्हणजे ब्राउनिंग या परदेशी पिस्तुलाचीच घडण, १३ राउंडचं. मजबूत आहे, पण चेंबर, म्हणजे गोळी सुटण्यापूर्वी बसते ती जागा, रिकामं ठेवून बाळगलं तर स्लाइड, म्हणजे वरचा सरकता भाग, ओढायला दोन्ही हात लागतात. एक हात जखमी असला, किंवा त्या हातात ढाल नाही तर कुत्र्याचा पट्टा असला, की अडचण होते. ग्लॉक चेंबर भरून बाळगता येतं; ब्रिटिश सैन्याने २०१३मध्ये ब्राउनिंग काढून तेच घेतलं. त्याची एक खोड ध्यानात ठेवा: खोलण्यापूर्वी ट्रिगर दाबावाच लागतो. चेंबर न पाहता दाबला की गोळी सुटते.

म्हणून पिस्तूल रिकामं करण्याचा क्रम पक्का हवा. नळी वाळूच्या पेटीकडे, आधी मॅगझिन बाहेर, मग स्लाइड मागे, चेंबर डोळ्यांनी पाहायचं आणि करंगळी घालून चाचपायचं. आधी स्लाइड ओढून नंतर मॅगझिन काढलं तर स्लाइड पुढे जाताना नवी गोळी चेंबरमध्ये बसते. अनेक अपघातांचं मूळ इथेच, नाहीतर होल्स्टरमध्ये घालताना बोट ट्रिगरवर राहण्यात.

पकड पाहताना नळी कोपरापासूनच्या हाताच्या रेषेत ठेवा आणि तर्जनीच्या टोकाच्या पेराचा मध्य ट्रिगरवर येतो का बघा. येत नसेल तर मागची पट्टी बदलता येणारं मॉडेल घ्या. लहान हाताच्या जवानाची गोळी एका बाजूला जाते ती अनेकदा यामुळे. ज्याला दर महिन्याला निदान ५० राउंड झाडायला मिळणार नाहीत, त्याच्या कमरेला पिस्तूल लावूच नये.

होल्स्टर पॉलिमरचं घ्या. चामड्याचं काम आपल्या कोल्हापूरएवढं कोण जाणतं! पण चामडं ओल धरतं, आणि गगनबावड्याच्या पावसात दोन दिवस ओल्या होल्स्टरमध्ये राहिलेल्या जुन्या पिस्तुलाच्या स्लाइडवर तांबूस ठिपके उठतात. रोज संध्याकाळी काढून तेलाच्या फडक्याने पुसायचं, आणि मॅगझिनमधल्या गोळ्याही बाहेर काढून कोरड्या करायच्या.